उरलेले वीस टक्के

ताई, नमस्कार.

मी मूळचा चिंचवडचा, 2017 पासून लंडनच्या हाउन्स्लोला आहे. आयटीत नोकरी. 2022 मध्ये आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळालं. ऑफिसचं पेन्शन सॅलरी सॅक्रिफाइसमधून कापलं जातं. त्याशिवाय एप्रिल 2021 पासून मी स्वतःचं एक खासगी पेन्शन सुरू केलंय. दर महिन्याच्या 15 तारखेला त्यात 400 पौंड जातात आणि काही आठवड्यांनी ॲपवर 500 दिसतात. म्हणजे टॅक्सची सवलत मिळतेय, असं मी धरून चाललो होतो. यंदा गणपतीत आरती झाल्यावर एका ओळखीच्याने विचारलं, "तू चाळीस टक्क्यांत आहेस ना? मग उरलेले वीस टक्के मागितलेस की नाही?" मला काही सांगताच येईना. तो तर म्हणाला, ऑफिसच्या पेन्शनवरही मागायचे असतात.

पी60 वरचा, म्हणजे वर्षअखेरच्या पगार-कराच्या दाखल्यावरचा, पगार असा आहे: 2021-22 ला 53,000 पौंड, मग 57,500, मग 61,000, मग 66,000. यंदा, म्हणजे 2025-26 ला, 68,000 होईल. सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतःचं टॅक्स रिटर्न, मी कधी भरलेलं नाही. बायको घरी असते, मुलं नऊ आणि पाच वर्षांची. चाइल्ड बेनिफिट या मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा फॉर्म 2022 ला भरला, पण पैसे नकोत असं कळवलं, कारण सगळे परतच द्यावे लागतील असं मित्र म्हणाला. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "मिळतंय तेवढं पुरे. मागायला गेलास की फाइल उघडतात." काय करू?

— हाउन्स्लोचा एक वाचक

नमस्कार हाउन्स्लोकर,

आकडा आधी सांगते: मागच्या चार वर्षांचे 4,146 पौंड, आणि यंदाचे 1,200 वेगळे. हे तुमचेच पैसे आहेत आणि अजून सरकारकडे पडून आहेत. त्यातल्या एका वर्षाची मुदत संपत आलीय. तेव्हा बाबांचं म्हणणं मी शेवटाकडे घेते, आधी हिशोब.

तुमच्या ॲपवर जे 400 चे 500 होतात त्याला इथे रिलीफ ॲट सोर्स म्हणतात. तुम्ही टॅक्स भरून उरलेल्या पैशांतून 80 पौंड टाकता, पेन्शन कंपनी एचएमआरसीकडून, म्हणजे इथल्या कर खात्याकडून, 20 मागून घेते आणि खात्यात 100 जमा होतात. पेन्शन कंपनीला तुमचा पगार किती ते ठाऊक नसतं. प्रत्येक जण वीस टक्केवाला आहे असं धरून ती सगळ्यांसाठी तेवढंच मागते. तुमच्या पगाराच्या वरच्या थरावर मात्र चाळीस टक्के कापले गेलेत. म्हणजे त्या 100 पौंडांवर सरकारने 40 घेतले आणि 20 परत दिले. बाकीचे 20 तुम्ही स्वतः मागेपर्यंत तिथेच राहतात. कुणी पत्र पाठवून आठवण करून देत नाही. भारतात 80सी चे पुरावे मागायला ऑफिसचं अकाउंट्स जानेवारीपासून मागे लागायचं, ती सवय असलेल्या आपल्या माणसांना वाटतं की इथेही कुणी तरी विचारेल. इथे कुणी विचारत नाही.

आता वर्षावर्षाचं बघू. महिन्याला 400 म्हणजे वर्षाला 4,800. पेन्शन कंपनीने त्यात मिळवलेले 1,200 धरून 6,000. पुढचा सगळा हिशोब या 6,000 वर चालतो, 4,800 वर नाही. हा आकडा डोक्यात पक्का बसवा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात, आणि त्यांत मीही होते. चोवीस वर्षं पेरोलमध्ये काढलेली बाई मी, आणि एका जानेवारीत स्वतःच्याच रिटर्नमध्ये बँकेतून गेलेली रक्कम लिहून मोकळी झाले. रिटर्नमधली ओळ स्पष्ट सांगते की भरलेली रक्कम अधिक बेसिक रेटची सवलत, दोन्ही मिळून लिहा. मी घाईत फक्त पहिला शब्द वाचला. पुढच्या वर्षी आकडे शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं आणि दुरुस्ती पाठवावी लागली. ऑनलाइन दाव्यात किंवा पत्रात रक्कम विचारली की ती कुठली विचारलीय ते दोनदा वाचा. पत्रात तर दोन्ही आकडे लिहून टाका: बँकेतून गेले 4,800, सवलतीसह 6,000.

चाळीस टक्के लागतात 50,270 पौंडांच्या वर. ही रेघ एप्रिल 2021 पासून हललेली नाही, आणि नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पाने ती एप्रिल 2031 पर्यंत तशीच गोठवलीय. पगार वर चढतात, रेघ जागची हलत नाही, म्हणून दर वर्षी आणखी माणसं चाळीस टक्क्यांत जाऊन पडतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते कळतही नाही. तुमचा 2021-22 चा पगार 53,000. रेघेच्या वर फक्त 2,730. तुम्ही 6,000 टाकलेत, पण चाळीस टक्के भरलेत ते 2,730 वरच. म्हणून त्या वर्षाचे मिळतात 2,730 चे वीस टक्के, म्हणजे 546. पुढच्या तिन्ही वर्षांत तुम्ही रेघेच्या वर 6,000 पेक्षा जास्त आहात, तेव्हा प्रत्येकी पूर्ण 1,200. बेरीज 4,146.

मुदत चार वर्षांची, कर-वर्ष संपल्यापासून मोजायची. 2021-22 हे वर्ष 5 एप्रिल 2022 ला संपलं, म्हणून त्याचा दावा 5 एप्रिल 2026 पर्यंत पोचायला हवा. टपालात पडून चालणार नाही, पोचायला हवा. आणि गंमत बघा, 5 एप्रिल 2026 ला ईस्टरचा रविवार आहे. शुक्रवारी गुड फ्रायडे, सोमवारी सुट्टी. शेवटच्या आठवड्यावर ठेवलंत तर 546 पौंडांवर पाणी सोडा. तुमच्यासाठी मी मुदत ठरवते पाडव्याची, म्हणजे 19 मार्च. त्याआधी पाठवून मोकळे व्हा. बाकीच्या वर्षांना वेळ आहे, पण एका बैठकीत चारही वर्षं उरकतात, मग मागे कशाला ठेवायची?

ही 5 एप्रिल तारीख आली कुठून, असं मला पेरोलमध्ये दर वर्षी कुणी ना कुणी विचारायचं. पूर्वी इथलं वर्ष 25 मार्चला बदलायचं. 1752 मध्ये कॅलेंडर सुधारलं तेव्हा अकरा दिवस गळाले, सरकारला मात्र पूर्ण वर्षाचा कर हवा होता, म्हणून तारीख पुढे सरकली आणि एप्रिलात येऊन बसली ती बसलीच. आपला 31 मार्च त्यामानाने सुटसुटीत.

आता तुमच्या गणपतीतल्या ओळखीच्याचं. पहिली गोष्ट त्याने अगदी बरोबर सांगितली, दुसरी चूक. ऑफिसच्या पेन्शनवर तुम्हाला काही मागायचं नाही. सॅलरी सॅक्रिफाइसमध्ये तुमचा पगारच तेवढा कमी होतो आणि ते पैसे तुमचं ऑफिस पेन्शनमध्ये भरतं. त्यावर टॅक्स कापलाच गेलेला नाही, मग परत काय मागणार? उलट त्यावरही मागितलंत तर ते चुकीचं ठरेल आणि व्याजासकट परत द्यावं लागेल. बाबांना वाटते तशी फाइल उघडलीच, तर ती यासाठी उघडेल.

आपलं पेन्शन कुठल्या प्रकारचं, हे एचआरला न विचारताही पेस्लिपवरून कळतं. पेस्लिप हातात घ्या. सॅलरी सॅक्रिफाइस असेल तर पगाराच्या रकान्यातच उणे चिन्हासह ओळ दिसते. नेट पे पद्धत असेल तर पेन्शनची ओळ कपातीत दिसते, पण खाली 'टॅक्सेबल पे' हा आकडा पगारापेक्षा तेवढ्याने कमी असतो. या दोन्हीत पूर्ण सवलत आपोआप मिळते. एनएचएसचं पेन्शन नेट पे पद्धतीचं आहे, त्यामुळे आपल्या डॉक्टर आणि नर्स मंडळींनी त्यावर काही मागू नये. तिसरा प्रकार: टॅक्सेबल पे पूर्ण पगाराएवढाच, आणि पेन्शन त्यानंतर कापलेलं. हे झालं रिलीफ ॲट सोर्स, आणि इथे मागायचं. नेस्ट या सरकारने उभारलेल्या पेन्शन योजनेत जे आहेत ते सगळे यात मोडतात. छोट्या कंपन्या, फार्मसी, केअर होम, रेस्टॉरंट अशा ठिकाणी नेस्ट खूप असतं. तिथल्या मॅनेजरचा पगार 50,270 च्या वर गेला की त्याचेही वीस टक्के अडकतात, आणि ऑफिसचं पेन्शन आहे म्हटल्यावर त्याला शंकाही येत नाही. तुमचा तो ओळखीचा बहुधा अशाच एखाद्या कंपनीत असावा, म्हणून स्वतःचा अनुभव त्याने सगळ्यांना लावला.

मागायचं कसं? तुम्ही सेल्फ असेसमेंटमध्ये नाही, म्हणून त्यात शिरायची गरज नाही. सरकारच्या संकेतस्थळावर खासगी पेन्शनवरची सवलत मागायची ऑनलाइन सोय आहे, नाहीतर पत्र पाठवायचं. पूर्वी फोन करून काम व्हायचं. 1 सप्टेंबर 2025 पासून फोनवर दावा घेणं बंद झालंय आणि प्रत्येक दाव्याला पुरावा लागतो. खरं काम ते पुरावे गोळा करण्याचं.

पेन्शन कंपनी दर वर्षी पाठवते ते स्टेटमेंट बऱ्याचदा उपयोगाचं नसतं, कारण ते तुम्ही खातं उघडलंत त्या तारखेपासून वर्षभराचं असतं. तुम्हाला हवं 6 एप्रिल ते 5 एप्रिल. कंपनीला ॲपमधून मेसेज टाका की मला 2021-22 पासून प्रत्येक कर-वर्षाचं भरण्याचं पत्र वेगवेगळं हवं, ज्यावर माझं नाव, मी भरलेली रक्कम आणि मिळवलेली सवलत लिहिलेली असेल. हे त्यांच्या रोजच्या कामातलं आहे. त्या पत्रावर बारा हप्ते नीट बसलेत का ते बघा. तुमचा हप्ता 15 तारखेचा म्हणून सोपं आहे. ज्यांचा हप्ता 5 किंवा 6 तारखेला जातो त्यांचा कधी तेरावा हप्ता या वर्षात येतो, कधी अकराच राहतात.

पत्राने पाठवणार असाल तर नॅशनल इन्शुरन्स नंबर, वर्ष, पेन्शन कंपनीचं नाव, दोन्ही रकमा आणि सोबत त्या पत्रांच्या प्रती एवढंच. पुराण लिहू नका. एचएमआरसीच्या पत्त्यात ना रस्ता आहे ना गाव, नुसता विभाग आणि पोस्टकोड. पहिल्यांदा मला ते अर्धवट वाटलं होतं, पण पोचतं. मात्र पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा, कारण 2021-22 साठी तारखेला किंमत आहे. आणि मग वाट बघा. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण टेम्सच्या काठीही चालते.

मागच्या वर्षांचे पैसे हिशोबाच्या पत्रानंतर तुमच्या बँकेत किंवा चेकने येतात. ते पेन्शनमध्ये जात नाहीत, हे मुद्दाम सांगते, कारण पेन्शनचा आकडा वाढला नाही म्हणून लोक तक्रार करतात. तुमच्या हातात आलेले पैसे, त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. यंदाचे 1,200 मात्र वेगळ्या वाटेने येतील. टॅक्स कोड, म्हणजे पगारातला किती भाग करमुक्त धरायचा ते पेरोलला सांगणारा आकडा, बदलेल. आज तुमच्या पेस्लिपवर 1257एल असणार. तो 1557एल झाला की समजा दावा लागला. जादा 3,000 पौंड करमुक्त धरायचे, त्यांचे चाळीस टक्के म्हणजे 1,200. कोड बदलेल त्या महिन्याच्या पगारात एप्रिलपासूनचे मागचे महिनेही एकदम येतात, तेव्हा पेरोलची चूक झाली असं समजून त्यांना मेल करू नका. अशा किती मेल मी वाचल्यात!

एक धोका आहे. हा कोड पुढच्या वर्षीही तसाच चालू राहतो, तुम्ही तेवढेच पैसे भरता आहात असं धरून. हप्ता बंद केलात किंवा कमी केलात तर कळवा, नाहीतर दोन वर्षांनी कमी कर भरल्याचं पत्र येतं आणि तेव्हा ते पैसे खर्च झालेले असतात.

आता चाइल्ड बेनिफिट. हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला इथेच जास्त वाईट वाटलं. तुमच्या मित्राने 2022 मध्ये सांगितलं ते तेव्हाच्या नियमांनुसार फारसं चूक नव्हतं. तेव्हा 50,000 च्या वर पैसे परत जायला लागायचे आणि 60,000 ला सगळे जायचे. एप्रिल 2024 मध्ये या रेघा 60,000 आणि 80,000 झाल्या. आणि ही रेघ मोजतात ती नुसत्या पगारावर नाही, तर पगारातून पेन्शनचे ते सवलतीसकटचे 6,000 वजा करून. म्हणजे 2024-25 मध्ये तुमचं उत्पन्न धरायचं 66,000 वजा 6,000, बरोबर 60,000. परत द्यायचं शुल्क शून्य. अख्खं वर्ष तुम्हाला पूर्ण चाइल्ड बेनिफिट लागू होतं आणि तुम्ही ते नको म्हणून ठेवलं होतं.

पैसे पुन्हा सुरू करा, ऑनलाइन होतं. 2024-25 चे मागचे मिळावेत असंही त्याच वेळी लेखी मागा, हा 60,000 चा हिशोब दाखवून. दोन मुलांचं 2025-26 च्या दराने आठवड्याला 26.05 आणि 17.25, म्हणजे वर्षाला साधारण 2,250 पौंड होतात. 68,000 पगारावर पेन्शन वजा जाता तुम्ही 62,000 वर येता. 60,000 च्या वरच्या प्रत्येक 200 पौंडांना एक टक्का परत द्यायचा, म्हणजे दहा टक्के. वर्षभर बेनिफिट घेतलं तर 225 परत गेले आणि दोन हजारांवर घरात राहिले. ते शुल्क भरण्यासाठीही आता सेल्फ असेसमेंट लागतंच असं नाही, 2025 पासून ते पगारातून कापून घ्यायची सोय आहे.

इथे एक गणित बघा, मला ते फार आवडतं. पगार 68,000 च राहिला आणि पूर्ण वर्ष बेनिफिट चालू असेल, त्या वर्षी तुम्ही पेन्शनमध्ये एकरकमी 1,600 पौंड जादा टाकलेत. कंपनीने 400 मिळवले, खात्यात 2,000. तुमचे वीस टक्के मागितलेत, 400 परत. उत्पन्न बरोबर 60,000 वर आलं, म्हणून 225 चं शुल्कही गेलं. खिशातून निव्वळ गेले 975 आणि पेन्शनमध्ये पडले 2,000. पार्किंगसकट सगळीकडे पैसे मोजणाऱ्या या देशात असा सौदा रोज मिळत नाही.

पण म्हणून सगळी बचत तिथे ओतू नका. हे पैसे तुम्हाला सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत मिळणार नाहीत. सध्या पंचावन्नला काढता येतात, एप्रिल 2028 पासून सत्तावन्न. काढताना चौथा हिस्सा करमुक्त, बाकीच्यावर त्या वेळच्या दराने कर. बाबांच्या आजारपणात चिंचवडला धावावं लागलं, घराचं डिपॉझिट जमवायचं झालं, तर पेन्शनचा आकडा ॲपवर नुसता बघायला मिळतो. आधी सहा महिन्यांचा खर्च बँकेत, मग हे.

इतर वाचकांसाठी दोन वाक्यं. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना 2025-26 मध्ये 43,662 च्या वर 42 टक्के लागतात, म्हणून त्यांनी वीस नव्हे, बावीस मागायचे. एकवीस टक्क्यांच्या पट्ट्यातल्यांनाही तो एक टक्का मागता येतो. ज्यांचा पगार एक लाखाच्या वर गेलाय त्यांची करमुक्त रक्कम दर दोन पौंडांना एक या हिशोबाने वितळते, आणि 1,25,140 पर्यंतच्या त्या पट्ट्यात प्रत्यक्ष साठ टक्के जातात. पाळणाघराची सरकारी मदतही एक लाखाला एका फटक्यात बंद होते. त्यांनी हे पत्र बाजूला ठेवून आजच कागद-पेन घ्यावं. आणि मंदिराला देणगी देताना गिफ्ट एड या देणगीवरच्या कर-सवलतीच्या चौकटीत टिक करता ना? त्या देणगीवरचे उरलेले वीस टक्केही असेच मागता येतात. पावत्या जपून ठेवा.

आता बाबा. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका, ती उगाच आलेली नाही. 2018 च्या आसपास इथे टियर 1 या कुशल व्यावसायिकांच्या व्हिसावरच्या कित्येक भारतीयांचे आयएलआरचे अर्ज इमिग्रेशन नियमांच्या 322(5) या परिच्छेदाखाली नाकारले गेले होते. व्हिसाच्या अर्जात धंद्याचं उत्पन्न एक दाखवलं, एचएमआरसीला दुसरं, आणि पुढे रिटर्न दुरुस्त केलं, असा आक्षेप होता. काहींनी खरंच फसवलं होतं, काहींची साधी चूक होती, आणि 2019 मध्ये अपील कोर्टाला सांगावं लागलं की अप्रामाणिक ठरवण्याआधी माणसाला बाजू मांडू द्या. तेव्हापासून आपल्या लोकांत 'टॅक्सच्या कागदाला हात लावू नये' ही गोष्ट पसरली आणि ती भारतातल्या घरांपर्यंत पोचली. तुमच्या दाव्यात उत्पन्नाचा एकही आकडा बदलत नाही. पगार तोच, पी60 तोच. बदलतो तो फक्त कर कुठल्या दराने लागायला हवा होता तो भाग, आणि तोही कंपनीच्या लेखी पुराव्यासह.

अजून वर्क व्हिसावर असलेल्यांनी मात्र एक फरक लक्षात ठेवावा. चाइल्ड बेनिफिट हा सरकारी मदतीत मोडतो. 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' असा शिक्का असेल तर तो मागायचा नाही. पेन्शनवरची कर-सवलत ही मदत नव्हे, स्वतःच्या करातली परतफेड. ती व्हिसावर असतानाही खुशाल मागावी. तुमचं आयएलआर झालंय, तुम्हाला दोन्ही मोकळं आहे.

आणि टक्केवारीवर दावा भरून देणाऱ्यांच्या जाहिराती दिसतील. दोन कागद आणि एक फॉर्म यासाठी 4,146 मधला वाटा कुणाला कशाला द्यायचा? शनिवारी सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी बसून होणारं काम आहे.

राहता राहिल्या तुमच्या घरच्या मंडळी. त्यांना पगार नाही म्हणजे पेन्शन नाही, असं तुम्ही दोघांनी धरलेलं दिसतं. चाइल्ड बेनिफिटचा फॉर्म भरलात ते एका अर्थी फार बरं केलंत. तो त्यांच्या नावाने भरला असेल तर पैसे घेतले नाहीत तरी धाकटं मूल बारा वर्षांचं होईपर्यंत त्यांच्या खात्यात नॅशनल इन्शुरन्सची वर्षं, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी मोजली जाणारी वर्षं, जमा होत राहतात. सरकारी पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात, नव्या पद्धतीत पूर्ण मिळायला बहुतेकांना पस्तीस. फॉर्म तुमच्या नावाने असेल तर तो त्यांच्या नावावर करून घ्या, कारण ही वर्षं तुमच्या पगारातून तुम्हाला मिळतातच. शिवाय उत्पन्न शून्य असलं तरी त्यांना खासगी पेन्शनमध्ये वर्षाला 2,880 पौंड टाकता येतात आणि सरकार त्याचे 3,600 करतं, एक पैसा कर न भरताही. पैसे तुम्ही दिलेत तरी चालतं, फक्त त्यावर तुमचे वीस टक्के मागता येणार नाहीत, कारण पेन्शन त्यांचं. महिन्याला 240 पौंड होतात. सुरुवातीला तुमच्या परत येणाऱ्या 4,146 मधूनच ते निघतील. खातं उघडायचा फॉर्म मात्र त्यांनाच भरू द्या, पासवर्डही त्यांच्याच डोक्यात राहू द्या.

— ताई